आक्कांचा ब्रिज आणि केसपेपरवरचे दोन शब्द

मी दंतवैद्य. हे प्रकरण माझ्याच हातच्या कामाचं आहे, म्हणून लिहायला घेताना जरा टाळाटाळ झाली. रुग्णाला विचारून लिहितोय. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. त्यांना इथे आक्का म्हणतो. दवाखान्यातही आम्ही सगळे तेच म्हणतो.

पार्श्वभूमी

आक्का ५८ वर्षांच्या. अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या अंगाला गाव, काळी जमीन, कापूस, बांधाला थोडी ज्वारी आणि उडीद. ७ वर्षांपूर्वी त्यांची खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ किडीने गेली. माझ्याकडे आल्या तेव्हा ती जागा मोकळीच होती. मी तिच्या पुढची लहान दाढ आणि मागची मोठी दाढ घासून तीन दातांचा ब्रिज केला. दोन्ही टोकांना कॅप आणि मध्ये त्यांना जोडलेला खोटा दात. आत धातू, वर दाताच्या रंगाचं पोर्सेलिन. सिमेंटने कायमचा चिकटवलेला.

जुना केसपेपर शोधून काढला. शेवटच्या तारखेला माझ्या अक्षरात एवढंच: ‘ब्रिज बसवला. सूचना दिल्या.’

कोणत्या सूचना? आठवतं त्याप्रमाणे तीन. दोन वेळा ब्रश करा, त्या बाजूने सुपारी फोडू नका, सहा महिन्यांनी दाखवायला या. खोट्या दाताच्या खालून साफ कसं करायचं, याबद्दल चकार शब्द नाही. बाजारचा दिवस असावा, बाहेर बाकावर माणसं, एसटी चुकेल म्हणून प्रत्येकाची घाई. ही सबब आहे हे मलाही कळतं. सहा महिन्यांनी आक्का आल्या नाहीत, कारण दुखत नव्हतं. आम्हीही फोन केला नाही.

अडचण

कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातला श्रावणातला सण, झाल्यावरच्या आठवड्यात आक्का सुनेसोबत आल्या. तक्रार दाताची नव्हतीच. नातू मांडीवर बसून तोंडावर म्हणाला होता, “आजी, तुना तोंडना वास येस.” पोरगं पाच वर्षांचं, त्याला काय आडपडदा! पण आक्कांना ते फार लागलं. कानबाईच्या रोटाच्या दिवशी भाऊबंद गोळा झालेले, तेव्हा त्या पदर तोंडावर धरूनच वावरल्या.

वासावर त्यांनी घरचा उपाय केला होता. मिसरी वाढवली. आधी सकाळी एकदा लावायच्या, आता दिवसातून चार वेळा. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू बोटाने दातांवर आणि हिरड्यांवर चोळायची. तोंड काही वेळ बधिर, वास दबल्यासारखा वाटायचा. त्यातच डाव्या बाजूला ब्रश लागला की रक्त यायचं, म्हणून तिकडे ब्रश फिरवणंच सोडलं. रक्त येतं म्हणून साफ करायचं नाही, आणि साफ होत नाही म्हणून रक्त थांबत नाही, असं ते चक्र पावसाळ्याच्या आधीपासून चालू होतं.

ब्रिजमध्ये गडबड असेल असं म्हटल्यावर आक्का हसल्या. “त्याले काय होई भाऊ, तो दात नकली शे ना!”

हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो, आणि ते अर्धं खरंच आहे. पोर्सेलिनला कीड लागत नाही. पण कॅप हिरडीजवळ जिथे संपते तिथून खालचा दात खरा असतो, आणि कीड त्या सांध्यावर येऊन बसते. शिवाय ब्रिजचे तिन्ही दात एकमेकांना जोडलेले. इतर दातांच्या फटीत दोरा वरून घालता येतो, इथे वरून रस्ताच नाही. खोटा दात हिरडीतून उगवलेला नसतो, हिरडीवर टेकलेला असतो. त्याच्या पोटाखाली भाजीचा दोरा, शेवेचा चुरा, कळण्याच्या भाकरीचं पीठ जाऊन बसतं. ब्रशचे केस तिथवर पोहोचत नाहीत.

तपासणी

आधी गालाच्या आतली बाजू, जीभ, ओठाचा आतला भाग बघितला. मिसरी लावणाऱ्या माणसाच्या तोंडात हे पहिलं काम. पांढरा चट्टा किंवा बरी न होणारी जखम नव्हती, एवढा दिलासा. खालच्या पुढच्या दातांची हिरडी, जिथे रोज बोट घासतं तिथे, मागे सरकली होती.

ब्रिजच्या मागच्या दाढेभोवती हिरडी सुजलेली, सळई हलकेच घातली तरी रक्त. तिथे दात आणि हिरडी यांच्यातली फट ५ मिलिमीटर खोल. निरोगी हिरडीत ती साधारण ३ पर्यंत असते.

मग पुढच्या कॅपवर बोट ठेवून ब्रिज किंचित वरखाली दाबला. कॅपच्या काठाशी थुंकीचे बारीक बुडबुडे आले. ही खूण शिकताना वाचलेली होती, आणि तरी दर वेळी पोटात खड्डा पडतो. याचा अर्थ पुढच्या कॅपखालचं सिमेंट सुटलंय, थुंकी आत-बाहेर करतेय, पण मागची कॅप घट्ट असल्याने ब्रिज जागेवरून हलत नाही. रुग्णाला काही कळत नाही. ब्रिज पूर्ण निघून हातात आला असता तर आक्का वर्षभर आधीच आल्या असत्या.

एक्स-रेने तेच सांगितलं. पुढच्या लहान दाढेत कॅपखाली कीड, नसेच्या अगदी जवळ. मागची दाढ शाबूत, फक्त हाड थोडं खाली गेलेलं.

साखरेची गोळी चालू होती, पण शेतात लवकर जायचं असलं की सुटायची. तपासणी करून घेतली तेव्हा तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा, एचबीएवनसी, ८.६ आला. साखर चढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात आणि उशिरा भरून येतात. त्यांच्या फिजिशियनला फोन करून गोळ्यांचं वेळापत्रक लावून घेतलं.

पर्याय

दुसऱ्या भेटीत आबा, म्हणजे आक्कांचे यजमान, सोबत आले. पाऊण तास बोलणं झालं.

आक्कांचा कल ब्रिज आहे तसा ठेवून वरून साफ करून देण्याकडे होता. दुखत नाही, मग कशाला उकरायचं? सुटलेल्या कॅपखाली कीड थांबत नाही, बंद जागेत ती उलट बिनबोभाट पुढे सरकते, हे मी एक्स-रेवर बोट ठेवून दाखवलं.

ब्रिज ठोकून अखंड काढायचा, कीड भरायची आणि तोच परत चिकटवायचा, हे आबांनी सुचवलं. पैशांच्या दृष्टीने बरोबरच. पण ठोकताना आतून पोखरलेली दाढ मोडण्याची भीती होती, आणि कीड काढल्यावर दाताचा आकार बदलला की जुनी कॅप काठाशी नीट बसत नाही. काठाशी फट म्हणजे पुन्हा पहिला पाढा.

इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, हा साफसफाईच्या दृष्टीने उत्तम मार्ग. तिन्ही दात वेगवेगळे राहतात, प्रत्येकाच्या बाजूने दोरा घालता येतो. पण ८.६ साखर आणि रोजची तंबाखू असताना मी तो आज सुचवणार नव्हतो. खर्चही त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. धुळ्याच्या डेंटल कॉलेजचा पर्याय सांगितला. वारंवार जाणं कापसाच्या हंगामात जमणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

काढ-घाल करायची कवळी सगळ्यात स्वस्त आणि धुवायला सोपी. आक्कांनी हात जोडले. सासूबाईंची कवळी रात्री वाटीतल्या पाण्यात पडलेली बघत त्यांनी संसार केला होता.

आणखी एक पर्याय मी स्वतःहून मांडला, जो आम्ही दंतवैद्य सहसा मांडत नाही. दोन दातांना वेगवेगळ्या कॅप करायच्या आणि मधली जागा मोकळी सोडायची. ५८ व्या वर्षी, उजव्या बाजूने नीट चावता येत असताना, हे काही वेडेपणाचं नाही. तोटा असा की वरची दाढ हळूहळू त्या खिंडीत उतरते आणि मागची दाढ पुढे कलू लागते. आक्का विचारात पडल्या, मग म्हणाल्या की भरीत-भाकरी दोन्ही बाजूंनी खायची सवय आहे, जागा भरूनच द्या.

उरला तो मार्ग म्हणजे ब्रिज कापून काढणं, दाढेवर उपचार आणि नवा ब्रिज. पण मी एक अट घातली. आधी तात्पुरता ब्रिज. त्याच्या खालून साफ करता येतं हे आक्कांनी मला करून दाखवायचं. दोन महिन्यांत हिरडीतलं रक्त थांबलं तरच पक्का करायचा, नाहीतर जागा मोकळी सोडायची. आबांना हे फारसं पटलं नाही. पैसे आपण द्यायचे आणि परीक्षाही आपणच द्यायची, असं ते म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. तात्पुरत्या ब्रिजचे पैसे मी घेतले नाहीत.

काय केलं

पहिले दोन आठवडे ब्रिजला हात लावला नाही. कीटण काढलं आणि घरची सफाई सुरू करून दिली. सुजलेल्या, रक्ताळलेल्या हिरडीशेजारी दात घासला की माप बिघडतं आणि कॅपचा काठ चुकतो. १९६५ साली हॅराल्ड लो या दंतसंशोधकाने आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या तरुणांना दात घासणं थांबवायला लावलं होतं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि सफाई पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात पूर्ववत झाल्या. आक्कांच्या दाढेला ५ मिलिमीटरची फट होती, तिला जास्त वेळ लागणार हे उघड होतं, पण वरवरची सूज तरी या काळात उतरली.

पोळ्यानंतर ब्रिज कापला. कॅपला उभी चीर देऊन फाकवली, ब्रिज हातात आला आणि खोलीभर वास पसरला. माझ्या मदतनीस मुलीने मास्क वर ओढला. खोट्या दाताचं पोट मी दिव्याखाली धरलं. आतून खोलगट, घोड्यावरच्या खोगिरासारखं, हिरडीला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारं. त्या खळग्यात काळा थर.

म्हणजे आक्कांना मी ७ वर्षांपूर्वी सगळं शिकवलं असतं आणि त्यांनी ते रोज केलं असतं, तरी हा खळगा साफ झाला नसता. दोरा ताणला की सरळ राहतो, खळग्याच्या तळाला लागत नाही. खोगिराचा आकार करू नये हे दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही सांगतो. पण दात बनवून देणाऱ्या लॅबला तो सोपा पडतो. खाली फट दिसत नाही म्हणून बसवल्या दिवशी रुग्णही खूश असतो. लॅबने पाठवला, मी बघितला आणि चिकटवला. लॅबला दोष देऊन मला सुटता येणार नाही, शेवटची नजर माझी होती.

पुढच्या दाढेची कीड काढता काढता नस उघडी पडली. इथे पुन्हा थांबावं लागलं. कीड काढल्यावर हिरडीच्या वर खऱ्या दाताची निदान दीड-दोन मिलिमीटर भिंत चहूबाजूंनी उरली पाहिजे, नाहीतर कॅप नुसत्या भरावावर उभी राहते आणि काही वर्षांत दातासकट मोडते. सळईने मोजलं, जेमतेम २ भरली. दाढ ठेवली. एक मिलिमीटर कमी भरली असती तर ती काढून, ब्रिज आणखी पुढच्या दातापर्यंत लांबवावा लागला असता किंवा बेत सोडावा लागला असता. दोन बैठकांत रूट कॅनाल, फायबरची काडी घालून भराव, आणि वर अॅक्रिलिकचा तात्पुरता ब्रिज.

दोरा ओवण्याची शिकवणी

या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे गेला.

ब्रिजखालून घालायला खास दोरा मिळतो. त्याचं एक टोक ताठ, मधला भाग स्पंजसारखा फुगीर, शेवटचा साधा. ताठ टोक गालाकडून खोट्या दाताच्या खाली घालून जिभेकडून ओढायचं, फुगीर भाग खोट्या दाताच्या पोटाखाली मागेपुढे फिरवायचा, मग दोन्ही बाजूच्या खऱ्या दाढांना दोरा ‘क’ च्या पोटासारखा वळवून वरखाली घासायचा. सांगायला तीन वाक्यं. आक्कांच्या बोटांना मात्र कापूस वेचून भेगा पडलेल्या, दोरा त्या भेगांतच अडकायचा. चष्म्याशिवाय ताठ टोक दिसायचं नाही. पहिल्या दिवशी वीस मिनिटं झटापट करून त्यांनी दोरा टाकून दिला.

मार्ग सुनेने काढला. ती म्हणाली, आई गोधड्या शिवतात, सुईत दोरा अजून स्वतःच ओवतात. मग मी दोरा बाजूला ठेवला आणि नायलॉनचं जे बारीक, सुईसारखं फासं मिळतं ते दिलं. नेढं मोठं, त्यात साधा फ्लॉस, म्हणजे दातांचा दोरा, ओवायचा आणि फासं फटीतून पलीकडे ओढायचं. आक्कांनी चष्मा लावला, आरसा खिडकीच्या उजेडाला धरला आणि तिसऱ्या खेपेला जमवलं. पलीकडून निघालेल्या दोऱ्यावर मेथीचं पान होतं. ते त्यांनी सुनेला दाखवलं, मला दाखवलं, बाहेर बसलेल्या आबांनाही दाखवून आल्या.

या फाशाचा आणखी एक फायदा. ते धुऊन पुन्हा वापरता येतं. ताठ टोकाच्या दोऱ्याच्या पाकिटात ५० तुकडे येतात, ते आमच्या मेडिकलवाल्यांकडे क्वचितच असतात, आणि आक्का सुरुवातीला एकच तुकडा धुऊन आठवडाभर वापरत होत्या असं नंतर कळलं.

सोबत दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश दिला, बाटली धुण्याच्या ब्रशचं पिल्लू म्हणावं तसा. त्याचा आकार दवाखान्यातच घालून ठरवावा लागतो. जोर न लावता आत गेला पाहिजे, पण सैलही नको. आक्कांच्या दोन फटींना दोन वेगळे आकार लागले. केस वाकले की बदलायचा. फ्लोराइडची साधी पेस्ट, रात्री झोपायच्या आधीचा ब्रश न चुकता, आणि ब्रशचं तोंड हिरडीकडे तिरपं. पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र मी सुचवलं नाही. त्याने चुरा निघतो, पण चिकट थराला घासल्याशिवाय पर्याय नाही.

मिसरीबद्दल बोलणं कठीण गेलं. ती लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही, असं आक्का म्हणतात, आणि चाळीस वर्षांची सवय माझ्या दोन वाक्यांनी सुटणार नव्हती. तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर १८००-११-२३५६ सुनेच्या मोबाइलमध्ये घालून दिला. वासाचं खरं कारण कापलेल्या ब्रिजमध्ये डोळ्यांनी दाखवलं होतं, त्यामुळे वासासाठी लावलेली मिसरी तरी सुटली. चाराची एक झाली.

परिणाम

तात्पुरता ब्रिज दिवाळीत शंकरपाळ्याने निघाला. तो पुन्हा चिकटवताना खालची हिरडी बघितली तर गुलाबी, घट्ट, रक्त नाही. परीक्षेचा निकाल असा अवचित लागला. दिवाळीनंतर पक्का ब्रिज बसवला. या वेळी खोट्या दाताचं पोट गोलाकार ठेवून हिरडीपासून २ मिलिमीटरहून जास्त वर उचललं. खालची मागची जागा, हसताना दिसत नाही, आणि उंची पुरेशी होती म्हणून हे शक्य झालं. पुढच्या दातांत असं करता येत नाही. खाली फट दिसते म्हणून आबांनी भुवया उंचावल्या. घास जाईल तिथे, पण चूळ भरली की निघेलही, आणि ब्रश आरपार जाईल, असं सांगितलं. सिमेंट लावण्याआधी आक्कांनी एकदा ब्रश आरपार घालून दाखवला. मगच चिकटवला.

मागच्या दाढेची फट ५ वरून ३ वर आली. एचबीएवनसी ७.४ झाला. त्याचं श्रेय वेळेवर घेतलेल्या गोळ्यांना, ब्रिजला नव्हे.

जानेवारीत घसरण झाली. कापूस वेचणी जोरात, पहाटे निघायचं, रात्री जेवून आडवं व्हायचं. तपासणीत पुन्हा रक्त. आक्का म्हणाल्या, “रोज नही व्हत भाऊ.” मी वेळ बदलून दिली. रात्रीऐवजी दुपारच्या भाकरीनंतर, बांधावर, पाण्याची कॅन जवळ असतेच. फासं बांधावर नको, फक्त फटीतला ब्रश. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशीण लेकी आलेल्या असताना आक्का एकीला घेऊन दाखवायला आल्या, तेव्हा रक्त नव्हतं. लेकीच्या तोंडातही एक ब्रिज निघाला. दुसरीकडे केलेला, आणि तिलाही खालून साफ करायचं कोणी शिकवलेलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

७ वर्षांपूर्वी लॅबमधून आलेला ब्रिज उलटा करून बघायला हवा होता. दहा सेकंदांचं काम. आता मी खोट्या दाताचा आकार लॅबच्या चिठ्ठीवर चित्र काढून पाठवतो आणि तोंडात बसवून खालून दोरा ओढून बघतो. दोरा अडला किंवा खळग्यावरून नुसता तरंगला तर ब्रिज परत.

शिकवणी सिमेंट लावल्यावर नको, आधी हवी. सिमेंट लागलं की रुग्णाच्या मनाने काम संपलेलं असतं, तो चपला शोधत असतो. केसपेपरवर ‘सूचना दिल्या’ ही ओळ मी बंद केली. तिथे आता ‘स्वतः करून दाखवलं’ असा रकाना आहे, त्यात तारीख आणि कोणता ब्रश, किती आकाराचा, हे लिहितो.

सहा महिन्यांनी या, असं सांगून भागत नाही. ज्याचं दुखत नाही तो येत नाही, आणि ब्रिज बिघडताना बहुतेक वेळा दुखत नाही. दवाखान्यातून सुनेला व्हॉट्सअॅप जातो. तारखा सणांना बांधल्या आहेत, आखाजी आणि दिवाळी, कारण कॅलेंडरचा महिना विसरतात, आखाजी कोणी विसरत नाही.

दोन महिने तात्पुरत्या ब्रिजवर ठेवण्याचा निर्णय पुन्हा घेईन का, याबद्दल मी अजून ठाम नाही. सिमेंट कच्चं असतं. मधल्या काळात थुंकी आत गेली असती तर नुकत्याच वाचवलेल्या दाढेला तेच दुखणं लागलं असतं. नशिबाने ब्रिज एका टोकाला सुटला नाही, पूर्ण निघाला. आता असं काही करायचं झालं तर दर तीन आठवड्यांनी बोलावून बुडबुड्यांची तपासणी करीन.

यंदा कानबाईनंतर आक्का ठरल्याप्रमाणे आल्या. ब्रश आणलाय का, विचारलं. त्यांनी कमरेच्या पिशवीतून मिसरीची जुनी पत्र्याची डबी काढली. झाकण उघडलं तर दोन्ही ब्रश आत, टोपणं लावून नीट ठेवलेले, आणि खाली कागदाच्या पुडीत चिमूटभर मिसरी. माझं लक्ष पुडीकडे गेलेलं बघून त्यांनी झाकण लावलं आणि खुर्चीवर जाऊन तोंड उघडून बसल्या.